जंतू मेला, तरी पोटाच्या कॅन्सरचा धोका का उरतो? समजून घ्या

पोटाच्या म्हणजे जठराच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण आहे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला कॅन्सरकारक ठरवलं. अँटिबायोटिक्सने तो मारता येतो आणि धोकाही कमी होतो. पण शून्यावर येत नाही. असं का?

नॉनकोडिंग आरएनए म्हणजे काय?

आपल्या डीएनएचा जेमतेम २ टक्के भाग प्रथिनं बनवण्याच्या सूचना देतो. उरलेल्यातल्या बऱ्याच भागापासून आरएनए तयार होतो, पण त्यापासून प्रथिन बनत नाही. हाच नॉनकोडिंग आरएनए. मायक्रोआरएनए हा त्याचा एक छोटा प्रकार. त्याच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. कोणतं प्रथिन किती बनावं, यावर तो लगाम ठेवतो. उदाहरणार्थ, मायक्रोआरएनए-१२४ हा पेशींची वाढ रेटणाऱ्या सीडीके६ या प्रथिनाला आवर घालतो.

मग बिघडतं कुठे?

पायलोरीमुळे जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहते. त्यातून डीएनएवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा चिकटतात. वहीची पानं एकमेकांना चिकटावीत, तसं होतं. मजकूर तोच, पण वाचता येत नाही. यालाच एपिजेनेटिक बदल म्हणतात. मायक्रोआरएनए-१२४ ची पानं अशी चिकटली की लगाम सुटतो.

जंतू गेल्यावर काही खुणा पुसल्या जातात, काही उरतात. पेशीच्या दोन पेशी झाल्या की खूणही पुढे जाते.

याचा उपयोग काय?

जपानमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर काढलेल्या आणि जंतूपासून मुक्त झालेल्या सुमारे ८०० रुग्णांवर संशोधकांनी लक्ष ठेवलं. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. मायक्रोआरएनए-१२४ च्या एका जनुकावर सर्वाधिक खुणा असलेल्यांना जठरात नवा कॅन्सर होण्याचा धोका जास्त होता. म्हणजे कुणाची एन्डोस्कोपी अधिक काटेकोरपणे करायची, हे अशा खुणांवरून ठरवता येऊ शकतं.

या खुणा पुसता येतात का?

अझासिटिडिनसारखी औषधं खुणा कमी करतात. ती रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये वापरली जातात. पोटाच्या कॅन्सरवर मात्र तो नेहमीचा उपचार नाही. त्यामुळे 'डीएनए रिसेट करा' सांगणाऱ्या रील्सपासून लांबच राहा. पायलोरीचा उपचार झाला असेल, तरी डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तपासणी चुकवू नका.