आजोबा, मासे जेवले का?

एनएसएसच्या कॅम्पमध्ये वृद्धाश्रमाची भेट ठरलेलीच. फळं वाटायची, दोन गाणी म्हणायची, ग्रुप फोटो काढायचा आणि निघायचं. यंदा तिथे मागे काहीतरी ठेवून आलात तर? उदाहरणार्थ, अंगणात एक छोटंसं तळं!

‘मराठवाड्यात आणि शोभेचं तळं? २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, विसरलात का?’ असं कुणीतरी म्हणणारच. म्हणून आधी हिशोब. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दीड फूट खोल हौदात साधारण हजार लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर रोज २२ लिटरची, म्हणजे दीडेक बादलीची भर. पहिलं पाणी पावसाचंच घ्यायचं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस झाला, तरी ९०० लिटरच्या आसपास पाणी मिळू शकतं. आणि टँकर सुरू झालेच, तर मासे टाकीत हलवून तळं खुशाल कोरडं ठेवायचं.

पण तळंच कशाला? अर्धापूर म्हणजे केळी आणि हळद. इथल्या कितीतरी आजी-आजोबांचं आयुष्य विहीर, पाट, इसापूरच्या कॅनॉलचं पाणी आणि रात्री-बेरात्री दारं धरणं यातच गेलं. वृद्धाश्रमात जेवण मिळतं, औषधं मिळतात, पण हातातलं काम सुटतं.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये केलेला प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना आपले छोटे निर्णय स्वतः घ्यायला सांगितलं आणि सांभाळायला एकेक रोप दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण त्यांची काळजी कर्मचाऱ्यांनी घ्यायची. तीन आठवड्यांनी पहिला गट जास्त उत्साही आणि मिळून-मिसळून वागणारा दिसला. प्रयोग लहान होता, पण मुद्दा पटणारा आहे. शोभा नुसती बघायला नाही, सांभाळायला द्यावी.

म्हणून तळं बांधताना काठ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा. बसायला कट्टा होतो आणि पाय अडखळून पाण्यात जायची भीती कमी होते. भोवतीची फरशी गुळगुळीत नको. कुमुदिनी काळ्या मातीच्या कुंडीत लावून तळाशी ठेवा. तिला ऊन हवं. पानांनी निम्मं पाणी झाकलं की शेवाळ कमी धरतं. डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडा, पण ते नदी-नाल्यात जाऊ देऊ नका, तिथल्या माशांना त्रास होतो.

मग सकाळी फूल उमलतं, पानावर चतुर येऊन बसतो, चिमण्या पाणी प्यायला उतरतात. कट्ट्यावर गप्पा रंगतात. माशांना खाऊ कोण घालणार, सुकलेली पानं कोण काढणार, भर कधी घालायची, हे मात्र तिथल्या मंडळींनाच ठरवू द्या. पाण्याचा अंदाज त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे.

कॅम्प संपल्यावरही महिन्यातून एकदा चक्कर मारा. ‘कसे आहात?’ विचारलं की ‘बरं आहे’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी ‘आजोबा, मासे जेवले का?’ विचारून बघा. अर्धा तास तरी उठू देणार नाहीत!