घशाचे दुखणे हृदयापर्यंत जाते

मुलाचा घसा दुखला की आपण मिठाच्या गुळण्या सांगतो आणि कामाला लागतो. पण ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा घसा स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी सुजला असेल, तर पुढे हृदयालाही धोका संभवतो.

शरीराची प्रतिकारशक्ती या जंतूंशी लढते. मात्र जंतूंची काही प्रथिने हृदयातील प्रथिनांसारखी असतात. काही मुलांत प्रतिकारशक्ती फसते आणि आपल्याच हृदयावर चाल करते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात. हा सांधेतापाचा आजार. सांधे बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या निकामी होऊ शकतात.

एका खोलीत आठ माणसे झोपतात तिथे हा जंतू झपाट्याने पसरतो. म्हणजे हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे. तथागतांनी शिकविले, दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते. इथे उपाय पेनिसिलीन आहे. घसा दुखून ताप आला तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे, औषध अर्धवट सोडू नये. सांधेताप येऊन गेलेल्या मुलाचे तीन-चार आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन, मूल खेळते-बागडते दिसले तरी, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे चुकवू नये. अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका, एवढेच आमचे माता-भगिनींना सांगणे.