जागतिक स्पर्धेत आठवा नंबर, तरी ऑलिंपिकचं सोनं! कर्लिंगमध्ये देशांचा नंबर लागतो तरी कसा?

बर्फावरून एक जाडजूड दगड घसरत सोडायचा आणि दोघांनी त्याच्यापुढे झाडू मारत धावायचं. हिवाळी ऑलिंपिक आलं की या खेळाचे मीम्स आपल्याकडे हमखास फिरतात. 'आमच्या घरी रोज फरशी पुसतात, त्यांनाही मेडल द्या' हा जोक तर ठरलेलाच.

पण या झाडूवाल्या खेळाचं रँकिंग बघायला गेलं की भल्याभल्यांची दांडी गुल होते. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकचंच उदाहरण घ्या.

महिलांची फायनल झाली ग्रेट ब्रिटन आणि जपान यांच्यात. ईव्ह म्युअरहेडच्या ब्रिटनने जपानला १०-३ असं धुतलं आणि सोनं घेतलं. गंमत अशी की, आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत म्युअरहेडची टीम आठवी आली होती आणि जपान तर पहिल्या सहाच्या आसपासही नव्हता. म्हणजे फायनल खेळलेले दोन्ही देश ऑलिंपिकला थेट पात्र ठरलेच नव्हते.

मग ते तिथे पोहोचले कसे?

त्यासाठी आधी एक घोळ सोडवायला हवा. कर्लिंगमध्ये रँकिंग एक नाही. 'वर्ल्ड कर्लिंग' ही या खेळाची जागतिक संघटना देशांची क्रमवारी काढते. गेल्या काही मोसमांतल्या मोठ्या स्पर्धांचे निकाल त्यात धरतात, आणि निकाल जितका जुना तितकं त्याचं वजन कमी. हा झाला देशाचा नंबर.

दुसरी क्रमवारी टीमची असते. कर्लिंगमध्ये क्रिकेटसारखी निवड समिती बसून अकरा जण गोळा करत नाही. चार जणांची टीम स्वतःच जुळते, वर्षभर एकत्र खेळते, कॅप्टनच्या म्हणजे 'स्किप'च्या नावाने ओळखली जाते आणि बक्षिसाच्या स्पर्धा फिरते. तिथे किती गुण मिळणार, हे समोर कोण होतं त्यावर ठरतं. तगड्या टीम असलेली स्पर्धा जिंकली तर जास्त, गल्लीतली जिंकली तर कमी. कॅनडासारख्या देशाच्या कितीतरी टीम या यादीत वरच्या जागांवर असतात. पण जागतिक स्पर्धेत प्रत्येक देशाची एकच टीम जाते. त्यामुळे जगातली एखादी भारी टीम मार्चमध्ये घरी बसून टीव्ही बघते, हे तिथे नेहमीचं आहे.

आणि तिसरा हिशोब ऑलिंपिकच्या तिकिटाचा. खरी मारामारी इथेच असते.

ऑलिंपिकला महिलांचे १० आणि पुरुषांचे १० देश येतात. यजमानाला जागा फुकट. २०२६ च्या मिलान-कोर्टिना ऑलिंपिकसाठी ती इटलीला मिळाली. पुढच्या ७ जागा २०२४ आणि २०२५ या दोन जागतिक स्पर्धांमधल्या गुणांवर वाटल्या गेल्या. या स्पर्धांमध्ये १३ देश खेळले. विजेत्याला १४ गुण, उपविजेत्याला १२, आणि असं उतरत उतरत शेवटच्याला १. दोन्ही वर्षांचे गुण जोडायचे, वरचे सात उचलायचे. रेचल होमनच्या कॅनडाने दोन्ही वर्षं सोनं जिंकलं, म्हणजे २८ पैकी २८. दोन्ही वेळा फायनल हरलेल्या स्वित्झर्लंडचे झाले २४.

उरलेल्या २ जागांसाठी ऑलिंपिकच्या आधीच्या डिसेंबरमध्ये एक वेगळी पात्रता स्पर्धा होते. नापासांची पुरवणी परीक्षाच म्हणा.

बीजिंगच्या वेळी मात्र गणित बिघडलं होतं. कोरोनामुळे २०२० ची जागतिक स्पर्धा रद्द झाली. दोन वर्षांचे गुण जोडणार कुठून? म्हणून फक्त २०२१ ची स्पर्धा धरली, पहिल्या ६ देशांना थेट प्रवेश दिला आणि पुरवणी परीक्षेच्या जागा केल्या ३. ही परीक्षा नेदरलँड्समधल्या लेवार्डन शहरात झाली. तिथून ब्रिटन, जपान आणि दक्षिण कोरिया पास झाले. जपानकडून तिथे सात्सुकी फुजिसावाची टीम उतरली होती. जागतिक स्पर्धेत जपानची जी टीम मागे पडली होती, ती वेगळीच होती!

इथेच या रँकिंगची खरी मेख आहे. गुण देशाच्या खात्यात जमा होतात, खेळाडूंच्या नाही. कॅनडाची केरी आयनारसन २०२१ च्या जागतिक स्पर्धेत सुरुवातीला सामन्यांमागून सामने हरत होती. तिथून तिच्या टीमने झुंजून सहावा नंबर काढला आणि कॅनडाला थेट तिकीट मिळवून दिलं. बीजिंगला कोण गेलं? जेनिफर जोन्स. कारण कॅनडाने देशातल्या टीमची वेगळी चाचणी घेतली आणि ती जोन्सने जिंकली. तिकीट काढलं एकीने, प्रवास केला दुसरीने. क्रूर वाटतं, पण कॅनडात भांडून-झगडून जिंकलेल्यालाच पाठवायचं ही पद्धत आहे आणि खेळाडूंनाही ती मान्य असते.

ब्रिटनची तर वेगळीच तऱ्हा. कर्लिंगमध्ये स्कॉटलंड, इंग्लंड आणि वेल्स वेगवेगळे खेळतात, पण ऑलिंपिकमध्ये टीम एकच, ग्रेट ब्रिटन. मग गुण कुणाचे धरायचे? तिघांनी आपसात करार केला आहे की, ब्रिटनसाठी गुण फक्त स्कॉटलंडच मिळवणार. हा खेळ मुळात स्कॉटलंडचाच, त्यामुळे यावर फारशी कुरकुर होत नाही.

बरं, बीजिंगला पोहोचूनही ब्रिटनचं काही खरं नव्हतं. साखळीत १० टीम एकमेकींशी खेळल्या. स्वित्झर्लंडने ८ आणि स्वीडनने ७ सामने जिंकून सेमीफायनल गाठली. उरलेल्या दोन जागांसाठी ब्रिटन, जपान आणि कॅनडा तिघेही ५ विजय, ४ पराभव असे अडकले.

आता नियम सांगतो, आपसातले सामने बघा. तर कॅनडाने ब्रिटनला हरवलेलं, ब्रिटनने जपानला आणि जपानने कॅनडाला. झालं का वांदं!

क्रिकेट असतं तर आपण लगेच नेट रनरेट काढला असता. कर्लिंगमध्ये तसं चालत नाही, आणि त्याला सभ्य कारण आहे. आता काही जिंकत नाही हे कळलं की मागे पडलेली टीम उगाच ताणत नाही, हात मिळवून सामना सोडते. सामना अर्ध्यातच संपल्यावर किती फरकाने जिंकलं याला काय अर्थ?

म्हणून तिथे सेंटीमीटर मोजतात. प्रत्येक सामन्याआधी दोन्ही टीम दोन-दोन दगड वर्तुळाच्या मध्यबिंदूकडे सोडतात. ज्यांचे दगड मध्याच्या जास्त जवळ, त्यांना पहिल्या डावात शेवटचा दगड टाकायचा फायदा मिळतो. ही अंतरं वहीत लिहून ठेवतात. साखळी संपल्यावर बरोबरी झाली आणि आपसातल्या सामन्यांनीही सुटली नाही, तर त्याच अंतरांची सरासरी काढतात. ज्याची सरासरी कमी, तो वर.

ब्रिटनची सरासरी सगळ्यात कमी निघाली, त्यापाठोपाठ जपानची. कॅनडा बाहेर. ज्या जेनिफर जोन्सने २०१४ ला एकही सामना न हरता सोनं जिंकलं होतं आणि ज्या कॅनडाने याच स्पर्धेत ब्रिटनला हरवलं होतं, तो कॅनडा सामना सुरू व्हायच्या आधी टाकलेल्या दगडांमुळे घरी गेला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता या सगळ्यात भारत कुठे? भारत वर्ल्ड कर्लिंगचा सदस्य आहे. पण गुण मिळतात जागतिक स्पर्धेत, आणि मिलान-कोर्टिनाच्या वेळी तिथे पोहोचायचं तर युरोपाबाहेरच्या देशांना 'पॅन कॉन्टिनेंटल' स्पर्धेतून वर यावं लागत होतं. तिथे कॅनडा, अमेरिका, जपान, कोरिया, चीन ठाण मांडून बसले होते.

तरीही कुणी घुसतंच नाही असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत फिलिपिन्सच्या पुरुषांनी फायनलमध्ये दक्षिण कोरियाला ५-३ ने हरवून सोनं जिंकलं. हो, बर्फ न पडणारा फिलिपिन्स. टीममधले खेळाडू स्वित्झर्लंडमध्ये वाढलेले फिलिपिनो वंशाचे होते. देशभर कौतुक झालं, पण ऑलिंपिकच्या खात्यात त्या सोन्याचा एकही गुण जमा झाला नाही. आशियाई स्पर्धा त्या हिशोबात धरतच नाहीत.