अमेरिकेतील राष्ट्रीय बँक व तिचे विरोधक (१७९१–१८३६)

अमेरिकेच्या आरंभकालीन राजकारणात राष्ट्रीय बँकेस झालेला विरोध जेफर्सनच्या कृषिनिष्ठ विचारांतून उगम पावला व जॅक्सनच्या कारकीर्दीत फलद्रूप झाला, असे सामान्यतः सांगितले जाते. ही मांडणी सोयीची आहे; पण तीत एक उणीव राहते. विरोधाची घटनात्मक भाषा चाळीस वर्षे जवळजवळ तीच राहिली, हे खरे. ती भाषा बोलणारे लोक आणि त्यांचे हितसंबंध मात्र मध्यंतरी पार पालटले होते.

अर्थमंत्री हॅमिल्टनने डिसेंबर १७९० मध्ये काँग्रेसपुढे मांडलेल्या योजनेप्रमाणे बँकेचे भांडवल १ कोटी डॉलर ठरले. प्रत्येकी ४०० डॉलरांचे २५,००० भाग असून त्यांतील एकपंचमांश सरकारने घ्यावयाचे होते. खाजगी भागधारकाने आपल्या रकमेचा चौथा हिस्सा सोन्याचांदीत व उरलेले तीन हिस्से सरकारी कर्जरोख्यांत भरावयाचे होते. योजनेचे मर्म याच तरतुदीत आहे. सरकारचा धनको तोच बँकेचा भागीदार झाला, म्हणजे संघराज्य टिकण्यात त्याचा स्वार्थ गुंतला. हॅमिल्टनला हेच हवे होते आणि व्हर्जिनियातील जमीनदारांना नेमके याचेच भय वाटत होते, कारण असे धनको बहुतेक उत्तरेकडील व्यापारी शहरांत राहणारे होते. प्रतिनिधिगृहाने ८ फेब्रुवारी १७९१ रोजी ३९ विरुद्ध २० मतांनी विधेयक संमत केले, तेव्हा विरोधी मते जवळजवळ सर्व दक्षिणेकडची होती. बँक फिलाडेल्फियात स्थिरावली तर पोटोमॅक नदीकाठी जाऊ घातलेली राजधानीही तेथेच अडकून पडेल, ही धास्तीही या विरोधामागे होती.

सभागृहातील विरोधाचे नेतृत्व मॅडिसनने केले. सनदी संस्था स्थापण्याचा अधिकार काँग्रेसला द्यावा, ही सूचना १७८७ च्या घटनापरिषदेने स्वीकारली नव्हती, याकडे त्याने लक्ष वेधले. ती सूचना तेथे मांडणारा मॅडिसन स्वतःच होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वॉशिंग्टनने सल्ला विचारला असता अ‍ॅटर्नी जनरल रँडॉल्फ आणि परराष्ट्रमंत्री जेफर्सन या दोघांनीही विधेयक घटनाबाह्य ठरविले. जेफर्सनच्या १५ फेब्रुवारीच्या अभिप्रायाचा सारा भार ‘आवश्यक’ या एका शब्दावर आहे. जे केवळ सोयीचे तेही आवश्यक मानले, तर सोयीचे काय नाही? मग संघशासनाच्या अधिकारांना सीमाच उरणार नाही, असे त्याचे म्हणणे. संघाला न दिलेले अधिकार राज्यांचे किंवा जनतेचे, या तत्त्वाचा आधार त्याने घेतला खरा; पण ती घटनादुरुस्ती त्या वेळी राज्यांच्या मान्यतेची वाट पाहत होती. आणखी एक बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. दोन्ही बाजू समतोल वाटत असतील तर राष्ट्राध्यक्षाने विधिमंडळाच्या मताचा मान राखावा, असेही जेफर्सनने अखेरीस लिहिले होते.

हॅमिल्टनने २३ फेब्रुवारीस उत्तर दिले. शासनाला एखादे साध्य सोपविले म्हणजे त्यास अनुरूप अशी साधने निवडण्याची मुभा त्यातच येते, आणि व्यवहारात ‘आवश्यक’ म्हणजे उपयुक्त एवढाच अर्थ पुष्कळदा अभिप्रेत असतो, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होय. दोन दिवसांनी वॉशिंग्टनने सही केली. सनद वीस वर्षांची होती.

या वीस वर्षांत जेफर्सनचा पक्ष सत्तेवर आला, आणि त्याने बँक मोडली नाही. १८०२ पर्यंत सरकारचे उरलेले भाग विकले गेले, ते बहुतांशी इंग्लंडमध्ये. १८०४ मध्ये संघाच्या प्रदेशांत शाखा उघडण्यास मुभा देणाऱ्या कायद्यावर जेफर्सननेच सही केली. त्याचा अर्थमंत्री गॅलटिन तर बँकेचा खंदा पुरस्कर्ता बनला.

१८११ मधील संकट दुसरीकडून आले. १७९१ मध्ये देशात राज्यांच्या सनदेने चालणाऱ्या बँका मोजक्याच होत्या; १८११ पर्यंत त्यांची संख्या नव्वदीच्या घरात गेली. कराच्या भरण्यात या बँकांच्या नोटा राष्ट्रीय बँकेकडे जमत आणि ती त्या संबंधित बँकेकडे पाठवून रोख नाणे मागे. त्यामुळे कोणत्याही बँकेस नोटा बेसुमार काढता येत नसत. हा लगाम राज्यांतील बँकांना जाचत होता. शिवाय, राष्ट्रीय बँक गेल्यास सरकारी ठेवी आपल्याकडे येतील, हे त्यांना दिसत होतेच. या सर्वांना घटनेची तीच जुनी भाषा आयती मिळाली. परकी भांडवलाचा आक्षेपही गाजला. सुमारे १८,००० भाग परदेशी होते. परंतु परदेशस्थ भागधारकास मताधिकार नसल्याने त्या आक्षेपात आवेशच अधिक होता. प्रतिनिधिगृहात ६५ विरुद्ध ६४ मतांनी विधेयक बेमुदत तहकूब झाले. सिनेटमध्ये १७–१७ अशी मते पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज क्लिंटनने आपले निर्णायक मत विरोधात टाकले.

पुढे १८१२ चे युद्ध आले. १८१४ मध्ये न्यू इंग्लंडबाहेरील बहुतेक बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणे देणे थांबविले आणि राष्ट्राध्यक्ष मॅडिसनपुढे तोच प्रश्न उभा ठाकला. जानेवारी १८१५ मध्ये त्याने एक बँक-विधेयक नाकारले, ते त्यातील योजना अपुरी म्हणून. शासनाच्या सर्व शाखांनी वारंवार मान्यता दिल्यामुळे घटनात्मक वाद मिटला आहे, असे त्याने त्याच संदेशात नमूद केले. १८१६ मध्ये ३ कोटी ५० लक्ष डॉलर भांडवलाच्या दुसऱ्या बँकेस त्याने संमती दिली. १८१९ मध्ये मॅकुलक विरुद्ध मेरिलँड या खटल्यात सरन्यायाधीश मार्शलने हॅमिल्टनची बाजू जवळजवळ जशीच्या तशी उचलून धरली, आणि संघाच्या बँकेवर राज्याला कर बसविता येणार नाही असा निर्णय दिला.

मॅडिसन व मार्शल यांनी मिटलेला मानलेला हा वाद जॅक्सनने १० जुलै १८३२ च्या नकारसंदेशात पुन्हा उकरला. काँग्रेसने १७९१ मध्ये बँकेच्या बाजूने कौल दिला, १८११ मध्ये विरुद्ध. १८१५ मध्ये विरुद्ध, १८१६ मध्ये बाजूने. तेव्हा पूर्वोदाहरणांची बेरीज शून्यच येते, असा त्याचा हिशेब होता. त्या हिशेबातील १८११ चा कौल कोणी व कशासाठी मिळविला होता, याची चर्चा संदेशात नाही. सिनेटला तो नकार रद्द करण्याइतकी मते मिळाली नाहीत, आणि १८३६ मध्ये दुसऱ्या बँकेचीही सनद संपली.