क्रीम लावू की गोठवू?

पनवेलचं ऊन काय चीज आहे, हे रोज स्टेशनपर्यंत चालत जाऊन हार्बरची लोकल पकडणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आपण निदान दिवसभर एसीत बसतो. माझ्या बाबांनी मात्र साइट सुपरवायझर म्हणून 35 वर्षं उन्हात काढली. टोपी नाही, आणि सनस्क्रीन म्हणजे 'बायकांचं काम'. त्यात रंग गोरापान आणि डोक्याला टक्कल!

त्यांच्या कपाळावर एक खरखरीत ठिपका आला. खपली निघायची, परत धरायची. 'वयाचा डाग आहे गं,' म्हणत बाबा त्यावर खोबरेल तेल चोपडायचे. मग ताईचा साखरपुडा ठरला आणि फोटोत डाग दिसेल या टेन्शनने आईने त्यांना स्किनच्या डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टरांनी लगेच क्रीम दिलं नाही. आधी बायोप्सी. रिपोर्ट आला : ॲक्टिनिक केराटोसिस. म्हणजे वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी बिघडणं. हा कॅन्सर नव्हे. पण अशा काही डागांचा पुढे कॅन्सर होऊ शकतो, आणि नेमक्या कुठल्या ते आधी सांगता येत नाही. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन आपली राखण करतं, म्हणून आपल्याकडे हे कमी दिसतं. कमी, म्हणजे शून्य नाही.

आता पर्याय दोन.

गोठवणं : उणे 196 अंशांचा द्रवरूप नायट्रोजन डागावर काही सेकंद फवारायचा. चटका बसतो, फोड येतो, खपली धरते आणि चेहऱ्यावरचा डाग साधारण दोन आठवड्यांत बरा होतो. एक-दोनच डाग असतील तर झटपट काम. पण त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थंडीला फार नाजूक असतात. त्यामुळे त्या जागी पांढरट ठिपका राहू शकतो आणि तो आपल्या रंगावर जास्त उठून दिसतो.

क्रीम : 5-फ्लुरोयुरॅसिल. बहुधा दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे. ते भराभर वाढणाऱ्या बिघडलेल्या पेशींना गाठतं. डोळ्यांना न दिसणाऱ्यासुद्धा. मात्र बरं वाटण्याआधी चेहरा भयानक दिसतो : लाल, सोललेला, खपल्यांचा.

डॉक्टरांनी बाबांच्या टकलावरून बोट फिरवलं. आणखी चार-पाच खरखरीत जागा लागल्या! एकेक गोठवत बसण्यापेक्षा सगळ्या भागाला क्रीम बरं, असं ठरलं. साखरपुडा तीन आठवड्यांवर होता. डॉक्टर म्हणाले, "तेवढं थांबायला हरकत नाही. विसरायला आहे."

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी ट्यूब उघडली. बाराव्या दिवशी कपाळाचा टोमॅटो झाला होता. लिफ्टमध्ये जो तो विचारायचा, 'काय हो, भाजलं का?' बाबा वैतागले. "बंद करतो हे!"

मी त्यांना 2019 चा नेदरलँड्समधला अभ्यास वाचून दाखवला. 600 हून जास्त पेशंट, चार उपचार. वर्षभराने 5-फ्लुरोयुरॅसिल सर्वांत पुढे : 100 पैकी सुमारे 75 जणांना चांगला गुण. त्यात गोठवण्याची तुलना नव्हती, हेही सांगितलं. मग डॉक्टरांना फोन केला. लाली अपेक्षितच आहे, म्हणाले. बाबांनी कोर्स पूर्ण केला.

आता कपाळ गुळगुळीत आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी मात्र चुकवायची नाही. आणि परवा कर्नाळ्याला निघताना बाबांनी स्वतःहून टोपी मागितली. सनस्क्रीनही. माझंच!

लक्षात ठेवा
- न भरणारी खपली, रक्त येणारा किंवा वाढणारा डाग : तेल नको, डॉक्टर गाठा.
- हे क्रीम मनाने लावू नका. गरोदरपणात तर मुळीच नाही.
- ट्यूब घरातल्या कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा. त्यांच्यासाठी ती विषारी आहे.
- वीकेण्डच्या ट्रेकला टोपी आणि सनस्क्रीन मस्ट.