आधी कान, मग कागद

खानदेशातलं मोठं साहित्य आधी ऐकलं गेलं, मग लिहिलं गेलं. चाळीसगावात बसून रेडिओवरच्या कथाकारांचा आढावा घेताना मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. आमच्या जंक्शनवरून एक फाटा धुळ्याला जातो. त्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते भराभर उतरवून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असं ऐकण्यातून उभं राहिलं. अमळनेरच्या छात्रालयात मुलांशी बोलण्यात रमलेल्या गुरुजींनी पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, आणि तिचे भाग केले ते प्रकरणांचे नव्हेत, रात्रींचे. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. जात्यावर आणि शेतात रचलेल्या त्यांच्या ओव्या घरातल्यांनी टिपून ठेवल्या, म्हणून 1952 साली त्यांचं पुस्तक होऊ शकलं.

रेडिओवर गोष्ट सांगणाऱ्या लेखकाचं कामही याच जातीचं आहे. मराठीत हे काम ज्याच्या लेखणीत पुरतं मुरलं तो माणूस म्हणजे व्यंकटेश माडगूळकर. 1927 साली माणदेशातल्या माडगूळ गावी जन्म. शाळा अर्धवट राहिली, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होऊन हिंडणं झालं, ओढ मात्र चित्रकलेची. 1949 साली 'माणदेशी माणसं' आलं आणि 1955 साली ते पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात दाखल झाले. त्याच वर्षी 1 एप्रिलला तिथून 'गीतरामायण' सुरू झालं. थोरले बंधू गदिमा दर आठवड्याला बाहेरून गीत लिहून देत होते, धाकटे आत नोकरीत होते. वर्षभरात 56 गीतं झाली. केंद्राचे पगारी नसलेल्या गदिमांना केंद्राचं वेळापत्रक मात्र पाळावं लागलं, आणि त्या धाकातून केवढी निर्मिती झाली!

ग्रामीण विभागाची नोकरी माडगूळकरांनी निवृत्तीपर्यंत केली. शेतकऱ्याला पेरणीचं, खताचं, बाजारभावाचं सांगायचं, तेही त्याच्या बोलीत. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही, म्हणून वाक्य आखूड हवं. माणूस कोण, कुठला, हे पहिल्या दमात कळायला हवं. हातवारे दिसत नाहीत, तेव्हा चित्र शब्दांनीच काढायला हवं. माडगूळकरांचं गद्य मुळातच असं होतं; रेडिओने ते अधिक घोटीव केलं, असं माझं मत आहे. त्यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी मोठ्याने वाचून पाहावी. श्वास कुठेही अडत नाही. 1983 हे त्यांच्या मानसन्मानाचं वर्ष ठरलं: अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आणि 'सत्तांतर'ला साहित्य अकादमी.

पण केंद्राच्या चौकटीत मजकूर आधी लिहून द्यावा लागतो आणि मिनिटं ठरलेली असतात. गोष्ट त्यातून मोकळी झाली ती रंगमंचावर. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं. पाटलांची 'धिंड' आणि मिरासदारांचा नाना चेंगट वाचूनही हसू येतंच. पण मिरासदार सांगत तेव्हा श्रोत्यांचं हसणं ओसरेपर्यंत थांबायचं आणि नेमकं कुठे पुन्हा सुरू करायचं, हे त्यांना बरोबर कळे. स्टुडिओत ती सोय नाही.

व. पु. काळे याही पुढे गेले. मुंबई महापालिकेत वास्तुविशारद असलेल्या वपुंनी महाराष्ट्रभर एकट्याने कथाकथन केलं आणि कथांच्या ध्वनिफिती काढल्या. केंद्राची वेळ नको, सभागृहाचं तिकीट नको. कॅसेट लावली की वपु घरात. समीक्षकांनी त्यांना फारसं जवळ केलं नाही. मला तो अन्याय वाटतो. शेवटचं वाक्य कानावर कसं पडावं याचा इतका विचार करणारे लेखक थोडेच.

खानदेशाला स्वतःचं आकाशवाणी केंद्र मिळालं ते 1976 साली, जळगावला. तोवर मुंबई-पुण्याचे आवाज ऐकत आम्ही मोठे झालो. 'पुन्हा प्रपंच' या रेडिओ मालिकेतले टेकाडे भावजी आम्हाला शेजारच्या घरातले वाटत, पण ते आमची अहिराणी बोलत नसत. आज मोबाइलवर कुणीही स्वतःचा कार्यक्रम काढू शकतो. केंद्र नाही ही अडचण संपली. उरली आहे ती ऐकायला जाण्याची. आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, वहीगायन आणि गिरणाकाठच्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करण्याचं काम चाळीसगावच्या महाविद्यालयांनी आणि बहिणाबाईंचं नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने हाती घ्यावं. नुसता आवाज पुरणार नाही. सांगणाऱ्याचं नाव, गाव, त्याने ती गोष्ट कुणाकडून ऐकली, हेही प्रत्येक मुद्रणासोबत नोंदवावं, आणि कुठे छापलं किंवा प्रसारित केलं तर मानधन त्या सांगणाऱ्याच्या हातात पडावं.