छोटी एसयूव्ही घ्यायची? आधी वर्षाचा खर्च कापसाच्या क्विंटलात मोजा

वर्धा : कापूस-सोयाबीनचा पैसा हातात आला की तालुक्याच्या गावी शोरूममध्ये गर्दी वाढते. आता दुचाकीसोबत चारचाकीचीही विचारपूस होते, आणि त्यातही उंच, रुबाबदार दिसणाऱ्या छोट्या एसयूव्हीची जास्त. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. किमती उतरल्या, त्यामुळे 'यंदा घेऊनच टाकू' म्हणणारे वाढले. शोरूममध्ये 'महिन्याला फक्त तेरा हजार' एवढंच सांगितलं जातं. बाकीचा खर्च कास्तकाराला घरी बसून, स्वतःच मांडावा लागतो.

छोटी एसयूव्ही म्हणजे नेमकी कोणती?

लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर गाडी १८ टक्क्यांच्या गटात येते. यातली एकही अट मोडली की थेट ४० टक्के जीएसटी लागतो. म्हणून टाटा नेक्सॉन आणि मारुती ब्रेझा या दोन्ही गाड्यांची लांबी ३९९५ मिलीमीटर, म्हणजे चार मीटरला फक्त पाच मिलीमीटर कमी ठेवली आहे. अट इंजिनालाही आहे. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन दीड लिटरचं असल्यामुळे लांबी बसूनही ती १८ टक्क्यांत बसत नाही. टाटा पंच, ह्युंदाई एक्स्टर, निसान मॅग्नाइट या त्याहून लहान आणि स्वस्त.

या गाड्या एसयूव्हीसारख्या दिसत असल्या तरी बहुतेकांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत ट्रॅक्टर जातो म्हणून ही गाडी जाईलच असं नाही. उंचीचा फायदा मात्र खड्डे, मोऱ्या आणि गावातल्या गतिरोधकांवर होतो. नेक्सॉनचा तळ जमिनीपासून २०८ मिमी, मॅग्नाइटचा २०५, पंचचा १८७ आणि एक्स्टरचा १८५ मिमी उंच आहे. घरचे पाच जण आणि डिक्कीत सामान भरलं की ही उंची कमी होते. त्यामुळे ट्रायल घेताना एकट्याने घेऊ नये, घरच्यांना बसवूनच घ्यावी.

महिंद्रा बोलेरो मात्र वेगळ्या घडणीची आहे. ट्रकसारखी वेगळी चौकट, मागच्या चाकांना ताकद, दीड लिटर डिझेल इंजिन आणि सात जणांची सोय. ओबडधोबड रस्त्याला ती टिकते, पण आत बसण्याचा आराम आणि सुरक्षेच्या सोयी नव्या गाड्यांइतक्या नाहीत.

शोरूमची किंमत आणि रस्त्यावरची किंमत

फलकावर लिहिलेली किंमत ही शोरूमची असते. त्यावर आरटीओचा एकरकमी कर लागतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के आहे. साडेआठ लाखांच्या पेट्रोल गाडीला नुसता करच ९३ हजार ५०० होतो. त्यावर विमा, नोंदणी, फास्टॅग. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. असं करत साडेआठची गाडी दारात येईपर्यंत दहा लाखांच्या आसपास जाते.

सीट कव्हर, मॅट, जादा वॉरंटी, रंगाचं कोटिंग ही यादी शोरूमवालेच बिलात घालतात. त्यातलं काहीही सक्तीचं नसतं. विमाही शोरूममधूनच घेतला पाहिजे असा नियम नाही. बाहेरून दोन-तीन कंपन्यांचे दर विचारले तर फरक लगेच कळतो.

वर्षाचा हिशेब

समजा, गाडी दहा लाखांत पडली. दोन लाख रोख भरले आणि आठ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं. गाडी महिन्याला ६०० किलोमीटर चालते, म्हणजे बाजार, दवाखाना, लग्नकार्य आणि अधूनमधून नागपूर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि प्रत्यक्ष मायलेज १५ धरलं, तर वर्षाचा खर्च असा :

– कर्जाचा हप्ता (महिना सुमारे १३,०७५) : १,५६,९००
– पेट्रोल : ५०,४००
– विमा : २५,०००
– सर्व्हिसिंग : ८,०००
– टायरसाठी बाजूला ठेवायचे : ५,०००
– टोल, पीयूसी, धुलाई : ४,०००

बेरीज २ लाख ४९ हजार ३००. विमा, सर्व्हिसिंगचे आकडे अंदाजाचे आहेत. ज्याने त्याने आपले घालून बघावेत. वर्षाला ७,२०० किलोमीटरने भागलं तर एक किलोमीटर जवळपास ३५ रुपयांना पडतो. गाडी सांगून नेली आणि किलोमीटरला १५ रुपये भाडं दिलं, तर तेवढ्याच फिरण्याला १ लाख ८ हजार लागतात.

आता हाच आकडा वावरात आणून बघू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. नुसता वर्षाचा हप्ता भरायला १९ क्विंटलहून जास्त कापूस लागतो, आणि गाडीचा सगळा खर्च भागवायला जवळपास ३१ क्विंटल. कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल धरला तर पाच एकरांचा सगळा कापूस गाडीत गेला. यात बियाणं, खत, फवारणी, वेचाई धरलेली नाही. खासगीत भाव हमीभावाखाली गेला तर एकर आणखी वाढतात.

अर्थात, रात्री दोनला घरच्या माणसाला सेवाग्राम किंवा सावंगीच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दारातल्या गाडीची किंमत अशा हिशेबात बसत नाही. घरात म्हातारी माणसं असतील, नोकरीचा किंवा दुधाचा महिन्याचा पैसा येत असेल, तर गाडी परवडते. सगळी मदार एका पिकावर असेल तर मात्र दहादा विचार केलेला बरा.

हप्ता महिन्याला, पैसा हंगामाला

कास्तकाराची खरी अडचण इथेच येते. जून ते सप्टेंबर पैसा फक्त बाहेर जातो आणि गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते मिळतात, तशी सोय गाडीला मिळते का, हे बँकेत आणि वित्तसंस्थेत आधीच विचारावं. नाही मिळाली तर निदान सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवूनच गाडी उचलावी. हप्ते थकले की सिबिल बिघडतो आणि पुढे कोणत्याही कर्जाच्या वेळी तो आडवा येतो.

मुदतीचंही तसंच. वरचंच आठ लाखांचं कर्ज सात वर्षांत फेडलं तर व्याज सुमारे २ लाख ९८ हजार जातं. पाच वर्षांत फेडलं तर हप्ता १६,८०० होतो, पण व्याज २ लाख ८ हजारांवर येतं. नव्वद हजारांचा फरक आहे.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

डिझेल गाडी रस्त्यावर १ लाख ३० हजारांनी महाग पडते असं धरू. डिझेल ९२ रुपये आणि मायलेज १९. महिन्याला ६०० किलोमीटर चालणाऱ्याचे वर्षाला साडेपंधरा हजार वाचतात, म्हणजे जादा पैसे वसूल व्हायला आठ वर्षांहून जास्त. महिन्याला २,००० किलोमीटर चालणाऱ्याचे वर्षाला जवळपास ५२ हजार वाचतात आणि अडीच वर्षांत वसुली होते. शिवाय एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. गाडी नुसती गाव ते तालुका अशी चार-पाच किलोमीटर चालली तर तो चोंदतो. त्याला अधूनमधून लांबचा, सलग प्रवास लागतो.

सीएनजीचं मायलेज चांगलं आहे. कंपनीचा आकडा पंचला किलोमागे २६.९९ आणि एक्स्टरला २७.१ किलोमीटर आहे. पण आष्टी, कारंजा, समुद्रपूरच्या गावातून पंप किती लांब आणि रांग किती, हे बघूनच ठरवावं. वीस किलोमीटर गॅस भरायला जायचं असेल तर बचत वाटेतच संपते. विजेच्या गाडीला राज्यात रस्ता कर माफ आहे आणि किलोमीटरचा खर्चही सगळ्यात कमी. मात्र ती घरच्या मीटरवरच चार्ज करावी लागते, शेतीपंपाच्या जोडणीवर नाही.

कंपनी सांगते ते मायलेज प्रयोगशाळेतल्या चाचणीचं असतं. एसी, कच्चा रस्ता आणि भरलेली गाडी यात ते खाली येतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यानेही मायलेज थोडं घटतं. जुनी गाडी घेणाऱ्याने ती ई-२० ला चालते का, हे गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्यावं.

समृद्धीवर जाणार असाल तर

येळाकेळी किंवा विरुळवरून समृद्धी महामार्गावर चढणारे बरेच आहेत. तिथे कारला किलोमीटरला २.०६ रुपये टोल आहे, म्हणजे शंभर किलोमीटरला २०६ रुपये. फास्टॅगचा वार्षिक पास फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, समृद्धीवर नाही. उन्हाळ्यात पारा ४५ वर जातो तेव्हा तापलेल्या सिमेंट रस्त्यावर झिजलेले टायर घेऊन १२० चा वेग गाठणं जिवावर बेतू शकतं. निघण्याआधी, टायर थंड असताना हवा तपासावी. गाडी निवडतानाच भारत एनसीएपी किंवा ग्लोबल एनसीएपीचे स्टार विचारावेत. स्टेपनी आणि सहा एअरबॅग आहेत का, तेही बघावं.

या चुका महागात पडतात

– 'रिकाम्या वेळेत भाड्याने चालवू' या हिशेबावर गाडी घेऊ नये. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाड्याने प्रवासी नेणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.
– जुनी गाडी घेताना सातबाऱ्यासारखाच आरसीवरचा बोजा तपासावा. बँकेचं नाव असेल तर आधी ते कमी करून घ्यावं. थकलेले ई-चलानही बघावेत.
– कापूस-सोयाबीन साठवलेल्या खोलीजवळ गाडी उभी करू नये. उंदीर वायरी कुरतडतात. ते नुकसान विम्यात बसतं का, हे पॉलिसी घेतानाच विचारावं.
– कंपनीचं अधिकृत वर्कशॉप वर्ध्याला, हिंगणघाटला आहे की नागपूरलाच जावं लागतं, हे बुकिंगच्या आधी बघावं. नागपूरला जाणं म्हणजे दर सर्व्हिसला एक दिवस आणि दीडशे किलोमीटर.
– टॉप मॉडेलचा मोह आवरावा. सनरूफच्या पैशात विमा आणि टायरचा खर्च निघतो.

बुकिंगचे पैसे देण्याआधी वरची यादी वहीत उतरवून आपले आकडे घालावेत आणि बेरजेला यंदाच्या भावाने भागावं. जितके क्विंटल येतील तितके दरवर्षी, सात वर्षं, पाऊस कसाही पडला तरी द्यायचे आहेत. ते झेपत असतील तर गाडी घ्यावी. झेपत नसतील तर दोन हंगाम थांबून रोख रक्कम वाढवावी, किंवा चांगली जुनी गाडी बघावी.